राणीच्या खांद्यावरची चीर

जन्मभर मी मुलांना वाचायला शिकवलं. त्याबद्दल दोन-तीन सत्कारही झाले. सत्काराच्या वेळी कुणीतरी माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलतं, श्रीफळ हातात देतं, शाल अंगावर घालतं, आणि नेमक्या त्याच क्षणी मला गिरजाआजी आठवते. मग मला खाली बघावंसं वाटतं. लोकांना वाटतं बाई विनयशील आहेत. हे प्रकरण लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. मुलगा म्हणाला, सगळं लिहिणार असशील तरच लिही, नाहीतर नुसतं शाळेचं आणि बदल्यांचं लिहून कशाला कागद घालवतेस? त्याला हे ठाऊक नाही. त्याच्या वडिलांनाही मी कधी सांगितलं नव्हतं.

अण्णांची बदली सिल्वासाला झाली तेव्हा मी सातवीत गेले होते. अण्णा मराठी शाळेत मास्तर. आमचं मूळ गाव कोकणातलं, त्यामुळे आईने येताना आमसुलं, कुळथाचं पीठ आणि एक पाटा-वरवंटा एवढं मात्र न विसरता आणलं. डोकमर्डीला आठ खोल्यांची एक लांब लाईन होती, तिच्यातली तिसरी खोली आम्हाला मिळाली. पुढे सलग ओटा, त्यावर कौलांची उतरण, मागे मोरी आणि सामाईक नळ. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की लाईनीतले पुरुष सायकली काढायचे, आणि दुपारी तीनच्या भोंग्याला पहिल्या पाळीचे परत यायचे. दोन भोंग्यांच्या मधला वेळ बायकांचा. कुणाकडे गुजराती कढी उकळत असे, कुणाकडे उडीद घातलेली कळण्याची भाकरी थापली जात असे, आणि आमच्याकडे तांदळाची. सगळ्यांचे वास ओट्यावर एकत्र व्हायचे. आईला पहिले काही दिवस तो वास सोसत नव्हता. नंतर ती स्वतःच शेजारणीकडून कळण्याचं पीठ मागून आणायला लागली. अण्णा म्हणायचे, "तुझी आई आता अर्धी खानदेशी झाली, अर्धी गुजराती, आता कोकणाला उरली कोण?"

कळण्याचं पीठ द्यायच्या त्या सुरेखावहिनी. त्या पाचव्या खोलीत राहायच्या. त्यांचे यजमान प्रकाशदादा खडोलीला सूत पिळायच्या कारखान्यात होते, धुळ्याकडचे. घरात दोन लहान मुलं, आणि आम्ही आलो त्याच सुमाराला गावाहून आणलेली प्रकाशदादांची आई, गिरजाआजी. आजी अंगाने बारीक, नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं हिरवं गोंदण. दाराशी पोत्यावर बसून ती दिवसभर काहीतरी निवडत असायची, डाळ, तांदूळ, नाहीतर नातवंडांच्या केसांतल्या उवा. तिची बोली मला आधी निम्मीच कळायची. माझं नाव मंजिरी. तिने पहिल्याच दिवशी मंजू केलं, आणि पुढे सगळ्या लाईनीने तेच उचललं.

आजीने गावाहून एक ट्रंक आणली होती आणि ट्रंकेत एक पोथी होती. श्रावण लागल्यावर तिने ती बाहेर काढली. लाल फडक्यात बांधलेली, आडवी, सुट्या पानांची, वरखाली दोन लाकडी फळ्या. पहिलं पान हरवलेलं, त्यामुळे पोथीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कागद जाड आणि पिवळा. अक्षरं ठसठशीत, काळीभोर, पण शब्द एकमेकांना चिकटलेले. शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते ओळखायला दम लागायचा. आणि दर पाचसात पानांनंतर एक चित्र. लाकडावर कोरून छापलेली चित्रं होती ती, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं. सरळसोट काळ्या रेघा, सुपाएवढे डोळे, पंजे पसरलेला वाघ, महिरपीत बसलेला राजा, आणि चारी बाजूंनी फुलांची किनार. काही पानांच्या कडेला तांबडे डाग होते. मला वाटायचं ते पूजेच्या कुंकवाचे असणार.

दुपारी जेवणं आटोपली की लाईनीतल्या सातआठ बायका आजीच्या दारात जमायच्या. पाटावर पोथी, शेजारी समई, एका ताटलीत गूळ-फुटाणे. आजी आधी पोथीला हळदकुंकू लावायची, मग पान समोर धरून बोट ओळीवरून फिरवत सांगायला लागायची. तिचा आवाज एरवी चिरका, पण पोथी समोर आली की खाली उतरायचा. गोष्ट एका राणीची होती. राजाने कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला घराबाहेर काढलं, आणि ती एकेका गावी, एकेका दारी जात होती. कुठे ती दळण दळी, कुठे गुरं राखी, कुठे परक्याचं पोर सांभाळी. दर दिवशी एक चित्र यायचं, आणि दर दोन-तीन चित्रांनंतर राणी दिसायची. उभी, एक हात उंच केलेला, दुसऱ्या हातात कमळ. तिच्या खांद्यावर एक बारीक पांढरी रेघ होती. पुढच्या चित्रात तीच रेघ थोडी लांब, त्याच्या पुढच्यात दंडापर्यंत आलेली.

"पाह्य," आजी चित्रावर बोट ठेवून म्हणायची, "राणीना खांदाले चीर पडेल व्हती ना? वाढी राहिनी. कोणी दवा नही करं, कोणी पाणी नही पाजं."

बायका पुढे वाकून बघायच्या. कोपऱ्यातल्या खोलीतल्या हंसाबेनना मराठी धड येत नव्हतं. त्या चित्रावरूनच सगळं समजून घ्यायच्या. "आ तो एज राणी छे ने, बा?" त्या दर वेळी विचारायच्या.

"तीच वं माय," आजी म्हणायची, "दुसरी कोठून येई?"

आणि माझी आई, जी अण्णांच्या घरातल्या एवढ्या पोथ्यापुस्तकांत कधी रमली नाही, ती तिथे बसून पदराने डोळे पुसायची. संध्याकाळी भाकरी थापताना मधेच म्हणायची, "त्या राणीचं काय होणार गं उद्या?" जणू ती लाईनीतलीच कुणी होती.

पानं उलटायचं काम आजीने माझ्याकडे दिलं होतं. तिचे हात कापायचे, आणि कागद जुना, चटकन तुटेल असा. "मंजूना हात हलका शे," ती म्हणायची. शाळा सकाळची असल्याने मी दुपारी मोकळी असे. फुटाण्यांतले चार जास्तीचे माझ्या हातावर पडायचे. हे लिहिताना मला मुद्दाम सांगायचं आहे की आजीने मला तिथे बोलावून बसवलं होतं. मी घुसलेली नव्हते.

पान उलटता उलटता माझ्या लक्षात आलं की आजीला वाचता येत नाही. तिचं बोट ओळीच्या शेवटी पोचण्याआधीच वाक्य संपायचं, किंवा बोट थांबायचं आणि वाक्य चालूच राहायचं. एकदा मी पान उलटं ठेवलं, मुद्दाम नव्हे, पण ठेवलं गेलं. चित्र नसलेलं पान होतं. आजी तसंच बोट फिरवत सांगत राहिली. मी कुणाला काही बोलले नाही. पण मनात एक गोष्ट धरून ठेवली. तेव्हा मी अशी होते. अण्णांनी मला चौथ्या वर्षी वाचायला शिकवलं होतं. "लिहिलंय ते वाच, मनाचं घालू नकोस," हे त्यांचं रोजचं वाक्य. नुकतंच मला पाठांतरात शाळेचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. मी घरी धावत येऊन आईला सगळं पाठांतर म्हणून दाखवायला उभी राहिले, आणि आई म्हणाली, "नंतर गं, आजींची पोथी सुरू होईल." ती पायांत चपला सरकवून गेलीसुद्धा. मी खोलीत एकटी उभी होते. तो राग मी आईवर न काढता दुसऱ्याच माणसावर काढला, हे आज मला स्वच्छ दिसतं.

अजून एक गोष्ट मला माहीत होती, आणि ती मी इथे लपवणार नाही. एकदा सुरेखावहिनी आईशी नळावर बोलत होत्या, मी बादली धरून उभी होते. त्या म्हणाल्या, "सासूबाईंना श्रावणापुरतंच आणेल होतं आम्ही. एक खोली, चार माणसं, कुठं झोपणार त्या? मोठ्या भाऊजींकडे परत पाठवायच्या होत्या. पण तिकडे त्यांना गोठ्यात टाकतात हो. भाकरीबी वरून फेकतात. आता लाईनीतल्या बायका येतात, मला चार माणसं ओळखायला लागली, पोथीवाल्या बाईची सून म्हणतात. मी म्हटलं ह्यांना, राहू द्या इथंच." आजीलाही हे कळत होतं. एका दुपारी पोथी बांधताना ती मला म्हणाली, "हाई पोथी शे तवलोंग मी शे, बेटा." पोथी आहे तोवरच आपण इथे, असं तिला म्हणायचं होतं, आणि मी हसले होते. मला वाटलं म्हातारी काहीतरी बोलते.

आमच्या शाळेत चित्रकलेला एक बाई होत्या, मुंबईहून आलेल्या, सुती साड्या आणि खांद्यावर झोळी. त्यांनी आम्हाला भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे करायला शिकवलं होतं. बटाट्यावर पान कोरायचं, रंगात बुडवायचं आणि कागदावर उमटवायचं. मी त्यांना आजीच्या पोथीतल्या चित्रांबद्दल सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बघायला आण. मी आजीकडे मागितली. ट्रंक उघडून तिने पोथी काढली, लाल फडक्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, पाऊस लागू नये म्हणून वर आपल्या नातवाचा रेनकोट दिला आणि मला म्हणाली, "सांभाळीसन ने." तिने एक प्रश्नही विचारला नाही.

बाईंनी पोथी बाकावर पसरली आणि त्या खूष झाल्या. त्यांनी समजावलं की पूर्वी छापखान्यात चित्रं लाकडाच्या ठोकळ्यावर उलटी कोरत आणि अक्षरांच्या खिळ्यांबरोबर बसवून छापत. ठोकळे महाग, कोरणारे कमी. म्हणून एकच राणी दहा राण्यांसाठी वापरायचे. "आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "लाकूड वाळलं की तडकतं. तडा गेला की तिथे शाई लागत नाही, पांढरी रेघ येते. छापत जातील तसा तडा वाढत जातो." त्यांनी राणीची पहिली काही पानं शेजारी शेजारी मांडली. रेघ खांद्यावरून दंडावर, दंडावरून कोपरावर. मग मी चित्रांखालचा मजकूर वाचला. पहिल्या चित्राची राणी कुणी सुमती होती, दुसऱ्याची कमळावती, तिसऱ्याची एका सावकाराची बायको. वेगवेगळी व्रतं, वेगवेगळी गावं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. ती हिंडणारी, दळणारी, गुरं राखणारी राणी पोथीत कुठेच नव्हती. घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. आपल्याला काहीतरी सापडलं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीची दुपार. बाहेर उघडीप होती, ओट्यावर ओल्या कपड्यांच्या दोऱ्या. आई नेहमीपेक्षा लवकर येऊन पुढे बसली होती. राणी त्या दिवशी एका सुताराच्या दारी आली होती आणि सुताराची बायको तिला आत घ्यावं की नाही याचा विचार करत होती. मी पान उलटलं, राणीचं चित्र आलं. हंसाबेन नेहमीप्रमाणे पुढे वाकल्या, "एज राणी छे ने?"

"तीच," आजी म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "ही ती नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पण मला थांबावंसं वाटलं नाही. मी बाईंनी शिकवलेलं सगळं सांगितलं. ठोकळा, खिळे, तडा. "ही जखमबिखम काही नाही. लाकूड तडकलंय. छापखानेवाल्यांनी एकच ठसा परत परत वापरला आहे. खाली वेगवेगळी नावं लिहिली आहेत. ही तर राणीसुद्धा नाही, सावकाराची बायको आहे." आई म्हणाली, "मंजू, पुरे." पण तिच्या आवाजात नुसता राग नव्हता, थोडं कौतुकही होतं, आणि मला ते बरोब्बर ऐकू आलं. त्या कौतुकाच्या जोरावर मी पुढचं बोलले. पोथीचं पान उचलून मी आजीच्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हटलं, "आजी, इथे काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना."

सुरेखावहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात फुटाण्यांची ताटली होती. आजीने पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या आईकडे. तिचा चेहरा पडला नाही, रागावलाही नाही. तिने चष्म्यासारखे दोन्ही हात डोळ्यांशी नेले आणि खाली घेतले.

"डोयाले आताशी दिसत नही, पोरी," ती म्हणाली. "तूच वाच."

आणि तिने पाट माझ्याकडे सरकवला.

मी वाचलं. शब्द तोडून, स्वच्छ, एकही चूक न करता. सावकाराच्या बायकोने कोणतं व्रत केलं, किती दिवस, नैवेद्याला काय, उद्यापनाला कुणाला जेवू घातलं, कोणती फुलं वाहिली, त्यांची नावं. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरी अण्णांना सांगताना ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं, पण वाचते हो सुरेख." अण्णा म्हणाले, "लिहिलंय तेच वाचलंस ना? शाबास." त्या एका शब्दासाठी मी काय मोजलं, हे मला कळायला वर्षं जावी लागली, आणि मोजलं होतं ते माझं नव्हतंच.

पुढचे काही दिवस पोथी आमच्या दारात आली. वाचणारी मी, तेव्हा आमच्याकडेच सोयीचं, असं आईने म्हटलं आणि बायकांनी मान डोलावली. आजीने पोथी फडक्यासकट दिली. पहिले काही दिवस ती स्वतः मागे भिंतीला टेकून बसायची. तीन-चार दिवस बायका आल्या. मग हंसाबेन यायच्या थांबल्या. त्यांना काही कळेना. एक बाई दाराच्या फळीला डोकं टेकून झोपायची. आई डाळ निवडायला घेऊन बसायची. एकीने एकदा विचारलं, "मंजू, मग ती सुताराकडे गेलेली राणी? तिला घेतलं का त्यांनी आत?" मी म्हटलं, "ती पोथीत नाहीच." ती बाई "असं होय," म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. श्रावण संपायच्या आत आमच्या दारात मी आणि समई एवढेच उरलो. मी पोथी नेऊन आजीच्या ट्रंकेवर ठेवली. पाचव्या खोलीतही पुन्हा कुणी जमलं नाही. बायकांना दुपारची झोप लागली, कुणी कशिदा घेतला.

गणपती झाले, नवरात्र आलं. पाचव्या खोलीतून भांड्यांचा आवाज मोठा व्हायला लागला. सुरेखावहिनी वाईट बाई नव्हत्या, हे मी अजूनही म्हणेन. पण एका खोलीत पाच माणसं, आणि आता "पोथीवाल्या बाईची सून" असं कुणी म्हणत नव्हतं. एक दिवस आजीला परत मोठ्या भावाकडे पोचवायला प्रकाशदादांनी सुट्टी काढली आणि आजीची ट्रंक बाहेर आणली.

त्यांना सामान उचलायला हात हवा होता म्हणून मी पिशवी घेऊन बसस्थानकावर गेले. कुणी मला सांगितलं नव्हतं, मीच म्हटलं येते. नाशिकची गाडी लागायची होती. प्रकाशदादा तिकिटाच्या चौकशीला गेले आणि मी आणि आजी बाकावर. समोर आदिवासी बायका टोपल्यांत काकड्या घेऊन बसल्या होत्या. आजीने एक काकडी घेतली, लुगड्याला पुसली, अर्धी मोडून मला दिली. मी ती हातात धरून बसले. खाववत नव्हती.

"आजी," मी म्हटलं, "मी तसं बोलायला नको होतं."

"काय बोलनी तू? खरंच बोलनी." ती काकडी चावत होती. मग म्हणाली, "ठसा एकच शे, हाई माले काय माहीत नव्हतं का? मना बाप रंगारी व्हता. लुगडास्ना किनारी छापे. मी तुना एवढी व्हतू, बापना बाजूले बठीसन ठसा मारत व्हतू. तडकेल ठसा बी बाप फेके नही, तेल पाजीसन परत वापरे." तिने पोथीच्या गाठोड्यावर हात ठेवला. "हाई पोथी बी बापनीच. ह्यानी फुलं पाहीसन तो किनार कोरे. ते लाल डाग शेत ना, ते त्याना बोटना. रंगना."

मी त्या डागांना कुंकू समजत होते. माझी अक्कल तिथपर्यंतच चालली होती. ज्या बाईने लहानपणी हजारो वेळा एकच ठसा उमटवला, तिला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ठसा एकच असतो.

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?" मला रडू यायला लागलं होतं. "सांगायचं ना, मला ठाऊक आहे म्हणून."

आजीने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढं कसं कळत नाही हिला. "तुनी माय समोर बठेल व्हती ना," ती म्हणाली. "तिना समोर तुले खाले पाहाले लाऊ का?"

गाडी लागली. प्रकाशदादांनी ट्रंक वर चढवली. आजी खिडकीशी बसली, आणि गाडी हलेपर्यंत मला खुणेने सांगत राहिली की काकडी खा. सुताराच्या बायकोने राणीला आत घेतलं की नाही, हे मला विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी कुठल्या तोंडाने विचारणार? ती पोथीत नाहीच, असं मीच सांगितलं होतं.

ती गोठ्यात राहिली की ओसरीवर, तिला भाकरी कशी मिळायची, हे मी कधी विचारलं नाही. प्रकाशदादा समोर आले की मी दुसऱ्या बाजूने जायची. आई अधूनमधून म्हणायची, "आजींचं काय कळलं का गं?" आणि मी पुस्तकात डोकं घालायची. अण्णांची नोकरी तिथेच संपली, मीही तिथल्याच शाळेत लागले. लाईनीतली माणसं पांगली. प्रकाशदादांनी सामरवरणीला छोटं घर घेतलं. मी वर्गात मुलांना वाचायला शिकवायची. एखादा मुलगा चित्र बघून मनाचंच काही सांगायला लागला की मी त्याला मधे तोडत नसे. बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या, तुमच्यात धीर फार. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

माझं लग्न ठरलं होतं त्या उन्हाळ्यात सुरेखावहिनी आमच्याकडे आल्या. केस पिकले होते, अंग सुटलं होतं. त्यांच्या हातात लाल फडक्याचं गाठोडं होतं. मी ते लांबूनच ओळखलं.

"सासूबाई गेल्या, ताई," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले. शेवटी शेवटी ह्यांना बोलावून सांगितलं, पोथी मास्तरांच्या पोरीला दे. तिले वाचता येतं म्हणे." आजीच्या तोंडचं वाक्य त्या तशाच्या तसं बोलल्या. आजीने ते कोणत्या सुरात म्हटलं असेल, हे मला आजही ठरवता येत नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण मला तसं वाटत नाही. तिला खरंच वाटलं असेल की वाचणाऱ्याकडे पोथी जावी.

मी गाठ सोडली. तोच वास, जुन्या कागदाचा आणि तेलाचा. वहिनी माझ्या शेजारी सरकून बसल्या. त्यांनी पानं उलटायला हात घातला आणि मागे घेतला. "मी सातवी शिकेल आहे, पण ही चिकटलेली अक्षरं मला नाही लागत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही सगळी वाचली ना ही? त्या राणीचं शेवटी काय झालं हो? मी तेव्हा नुसती येजा करायची, फुटाणे द्यायची. धड ऐकलंच नाही. नंतर सासूबाईंना विचारायचं माझ्याच्याने झालं नाही."

त्यांना काय विचारायचं होतं, ते मला कळलं. आणि मला खरं उत्तर माहीत होतं. राणी नव्हतीच. सुमती होती, कमळावती होती, सावकाराची बायको होती. मी मात्र वहिनींच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "सुताराच्या बायकोने तिला आत घेतलं. पोटच्या मुलीसारखं ठेवलं. शेवटपर्यंत ती तिथेच राहिली, सुखात."

"असं लिहिलंय?"

"हो," मी म्हटलं. "लिहिलंय."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना बरं वाटलं असावं असं मला वाटलं. मग त्यांनी पोथीच्या अगदी तळाचं पान ओढून वर घेतलं. त्यावर राणी होती, हात उंच, कमळ तसंच. त्यांनी खांद्यावर बोट ठेवलं आणि रेघेवरून हळूहळू खाली आणलं, दंडावरून, कोपरावरून, कमरेपर्यंत.

"पण ताई," त्या म्हणाल्या, "इथं तर चीर पार खालपर्यंत आली."

सवयीने मी पान उलटायला हात पुढे केला, तर पुढे पान नव्हतं.